मदत हवी: स्पिनिंग रील करकरतं आणि हँडल मधूनच उलटं फिरतं (नागपूर)

गोरेवाडाकर
नमस्कार मंडळी. मामांनी गळ टाकणं सोडलं, त्यामुळे त्यांचं ३००० साइझचं स्पिनिंग रील माझ्याकडे आलं. बरीच वर्षं माळ्यावर पडून होतं. बॉडी धातूची आहे, वस्तू मजबूत, पण त्रास देऊन राहिलं आहे.

हँडल फिरवलं की आतून करकर येते. स्पूल (दोरी गुंडाळायची फिरकी) काढून नुसतं हातात धरून फिरवलं तरी येते. हँडल उलटं फिरू न देणारं अँटी-रिव्हर्सचं बटण चालू असूनही हँडल कधी कधी अर्धा फेरा मागे जातं आणि मग खटकन अडकतं. सध्याच्या थंडीत पहाटे हे फार होतं, ऊन चढलं की कमी. शिवाय ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी बेताने सोडणारा ब्रेक, सैल ठेवला तरी दोरी आधी अडते आणि मग एकदम सुटते. मागच्या रविवारी कन्हान नदीवर चांगला रोहू लागला होता, पहिल्याच धावेत दोरी गेली.

एका दुकानात दाखवलं तर म्हणे ठेवून द्या, नवीन घ्या. मामांना हे सांगायची माझी हिंमत नाही.

घरात गाडीचं ग्रीस, शिलाई मशीनचं तेल आणि डब्ल्यूडी-४० आहे. यातलं काय कुठे चालेल? आणि मुळात उघडू का?

बर्डीचा पाहुणा
उघडा भाऊ, पण स्प्रे मारून मोकळे होऊ नका. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला आणि गंजलेला स्क्रू सोडवायला बेस. रीलमध्ये मारलं की दोन दिवस लोण्यासारखं फिरतं, पण आतलं ग्रीस पातळ होऊन निघून जातं आणि मग गिअरचे दात दातावर घासतात.

तुमचं हँडल उलटं जातं ते वन-वे क्लचमुळे. स्पूलभोवती फिरून दोरी गुंडाळणारा भाग म्हणजे रोटर, त्याच्या खाली गोल डबी असते, तिच्यात बारीक रोळ्या आणि त्यांना ढकलणाऱ्या नाजूक स्प्रिंगा असतात. हँडल मागे जाऊ लागलं की रोळ्या पाचरीसारख्या अडकायला पाहिजेत. तिथे ग्रीस शिरलं की रोळ्या जागेवर येत नाहीत. थंडीत ग्रीस आणखी घट्ट होतं, म्हणून पहाटे जास्त. दुखणं तुम्ही स्वतःच सांगितलं आहे.

मोबाइल रिपेअरिंगवाले बोर्ड पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, ते बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, सहज मिळतं. क्लच अख्खा काढून त्यात बुडवा, हलवा, वाळू द्या. रोळ्या सुट्या करू नका, एक घरंगळली की संपलं. नंतर शिलाई मशीनच्या तेलाचा सुईच्या टोकावर राहील इतका थेंब, नाहीतर कोरडाच ठेवा. ग्रीस अजिबात नाही.

मरळवेडा
मी थोडा वेगळा बोलतो. पहिल्याच बैठकीत सगळं खोलू नये. आधी लाइन रोलर, म्हणजे दोरी ज्यावरून वळून स्पूलवर जाते ती छोटी चकती, पहा, त्याकडे कोणी बघतच नाही. बेल (रोटरवरची तारेची कमान) उघडायची गरज नाही, रोलरवरून दोरीचा तुकडा घालून दोन्ही हातांनी पुढे-मागे ओढा. रोलर फिरला पाहिजे. दोरी नुसतीच घसरत असेल तर तो जाम आहे, आणि तिथेच दोरीला पीळ पडतो, तिथेच ती खरवडते. रोहूचं पाप सगळं ड्रॅगवर टाकू नका.

खोलायचंच असेल तर पांढरं कापड अंथरा, भाग निघतील त्या क्रमाने अंड्यांच्या ट्रेमध्ये ठेवा, प्रत्येक पायरीला फोटो. ई-क्लिप (भाग जागेवर धरणारी E आकाराची बारीक क्लिप) काढताना हात आणि रील दोन्ही मोठ्या प्लास्टिकच्या पिशवीत घाला. क्लिप उडाली की पलंगाखाली जाते, हा नियम आहे. पातळ वॉशर ज्या बाजूला होते त्याच बाजूला परत गेले पाहिजेत, त्यांनीच मेन गिअर (हँडलने फिरणारं मोठं चक्र) आणि पिनियनची (रोटर फिरवणारं छोटं चक्र) गाठ नीट जुळते. रोटरच्या नटाचे आटे काही रीलमध्ये उलटे असतात, सुटत नसेल तर पान्यावर जोर करण्याआधी दुसऱ्या बाजूला फिरवून बघा.

आणि एक. नवीन दाइवा कंपनीचं रील असेल आणि त्यावर मॅगसील लिहिलं असेल तर तिथे तेल घालू नका. आत चुंबकाने धरलेलं वेगळं तेल असतं, आपलं तेल ते बिघडवतं. मामांच्या रीलला हा प्रश्न नसावा.

फुटाळ्याची हवा
ड्रॅगबद्दल कोणीच सविस्तर लिहिलं नाही. स्पूलच्या वरची नॉब काढा, आत तारेची रिंग दिसेल, ती काढली की वॉशर एकावर एक बसलेले दिसतील. धातू, मग मऊ, मग धातू. मऊ वॉशर नमद्यासारखे असतील तर वाळून चामडं झालेले असणार. त्यांना रीलचं ड्रॅग ग्रीस चोळायचं, बोटाने, आत मुरेल असं, वरचं पुसून टाकायचं. काळे कडक कार्बनचे असतील तर नुसते स्वच्छ पुसले तरी भागतं. गाडीचं ग्रीस इथे नको, आणि गिअरलाही थापू नका. दातांवर ब्रशने पातळ थर पुरतो, बेअरिंगला तेल.

पुढच्यासाठी: घरी आलात की ड्रॅग सैल करून ठेवायचा, नाहीतर वॉशर दबून चिकटतात. नळाखाली रील धुताना मात्र तो घट्ट हवा, पाणी आत जात नाही. आणि माळा? आपल्याकडे मे महिन्यात ४५ च्या पुढे पारा, पत्र्याखालचा माळा तर विचारूच नका. ग्रीसमधलं तेल सुटून खाली उतरतं, मागे राहतो तो लगदा. क्लचमध्ये गेलं ते बहुतेक असंच.

गोरेवाडाकर
काल रात्री जेवणं झाल्यावर बसलो. पिनियन पितळेचा आहे, त्याच्या दातांत हिरवट मेणासारखं काहीतरी घट्ट बसलं होतं आणि त्यात वाळूचे कण चमकत होते. कन्हानची वाळू, दुसरं काय. भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश, मग अल्कोहोल. क्लच आता अचूक, मागे तसूभर जात नाही. रोलर जामच होता, मरळवेडा दादा, धन्यवाद. वॉशर नमद्याचे निघाले, ड्रॅग ग्रीस मागवलं आहे.

करकर गेली पण हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला एक टक् असा धक्का बोटाला जाणवतो. हे काय?

बर्डीचा पाहुणा
रीलवर ५.२:१ असं काही छापलं आहे का? म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात रोटर पाचेक वेळा फिरतो. धक्का फेऱ्यात पाच वेळा येत असता तर पिनियन किंवा रोटर पकडला असता. एकदाच येतो म्हणजे मेन गिअर, त्याचं बेअरिंग किंवा हँडल.

मेन गिअरच्या दोन्ही बाजूंची बेअरिंगं काढा, एकेक पेन्सिलीवर चढवून बोटाने फिरवा. जे खडखडेल ते गेलं. आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी मोजून घ्या, त्या मापाचं बेअरिंग सुटं मिळतं. दोन्ही गुळगुळीत फिरली तर मेन गिअरचे दात उजेडात धरून एकेक बघा, एखाद्याला टवका उडालेला दिसेल. तसं असेल तर फोटो इथे टाका.