मदत हवी आहे : बेळगावचे युद्धस्मारक व लष्करी संग्रहालय पाहण्याबाबत

सप्रेम नमस्कार. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या चावडीवर, पहिल्या महायुद्धात येथून किती जण गेले व किती कामी आले, एवढेच सांगणारी संगमरवरी पाटी आहे. तिची अक्षरे चुन्याच्या थरांखाली बुजत चालली आहेत, आणि नावे तर तिच्यावर कधीच नव्हती. १९१५-१६ साली मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुत शहराच्या वेढ्यात सापडलेल्या मराठा पलटणींत आमच्या गावचे कोणी होते का, हे शोधण्याची मनापासून इच्छा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगाव येथील केंद्रातील स्मारक व संग्रहालय पाहण्यासाठी नागरिकांना आधी लेखी परवानगी घ्यावी लागते का, आणि जुन्या भरतीच्या नोंदींसाठी अर्ज कोणाकडे करावा? सोबत वयोवृद्ध चुलते येणार आहेत, त्यामुळे आत किती चालावे लागते, हेही कृपया कळवावे.