खेळाडू तयार, टेबल कुठंय? ऑनलाइन गट शोधतानाचे अनुभव

डन्जन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) म्हणजे पात्रं रंगवत, फासे टाकत सगळ्यांनी मिळून गोष्ट पुढे न्यायचा खेळ. त्याचे नियम वाचायला घेतले त्याला दीड वर्ष झालं. तीन पात्रं तयार करून ठेवली आहेत. तिघांना भूतकाळ आहे, तिघांना वैरी आहेत, टेबल, म्हणजे खेळायला गट, मात्र एकालाही नाही. ओळखीच्यांना खेळ समजावायला बसलो की 'मग जिंकतं कोण?' या प्रश्नापाशी गाडी अडते. म्हणून ऑनलाइन गट शोधतोय, तोही खेळाडू म्हणून. डीएम (डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट चालवणारा) होऊन अख्खं जग चालवायची माझ्यात धमक नाही. आजवर आठ ठिकाणी अर्ज केले. सहा ठिकाणी शुकशुकाट, एका ठिकाणी नकार, आणि एक डीएम 'कळवतो' म्हणाले ते अजून कळवतायत. तुम्हाला तुमचा गट कसा मिळाला? फसलेले प्रयत्नही येऊ द्या.

*

आठ म्हणजे काहीच नाही हो. एका टेबलाला डीएम एक आणि खेळाडू चार-पाच लागतात, पण खेळायचं सगळ्यांना असतं आणि चालवायला फार थोडे पुढे येतात. मी एकदा चार जागांची जाहिरात टाकली, तर दोन दिवसांत ३१ अर्ज. निम्म्यांनी पात्राचा पूर्वेतिहास पाठवला होता, पानंच्या पानं. त्यात शापित राजपुत्रच सात! मला एवढंच बघायचं होतं, की हा माणूस ठरलेल्या वेळी दर आठवड्याला येईल का, आणि याच्याबरोबर चार तास बसवेल का. जाहिरातीच्या शेवटी 'अर्जात आवडत्या प्राण्याचं नाव लिहा' अशी ओळ मुद्दाम घातली होती. प्राणी सापडला नऊ अर्जांत. बाकीचे तिथेच बाजूला. नऊ जणांशी दहा-दहा मिनिटं बोललो आणि चौघांना घेतलं. त्यातला एक दुसऱ्याच सेशनला गायब झाला, ते सोडा.

*

मला गट पटकन मिळाला, टिकवताना मात्र घड्याळाने छळलं. डीएम अमेरिकेत, दोघं युरोपात, आणि मी राहते तिथे घड्याळं बदलतच नाहीत. अमेरिकेत ती मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातात, युरोपात शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे कोणाचाच कोणाला मेळ नसतो. शरद ऋतूत उलट, युरोप आधी मागे येतो आणि अमेरिका आठवड्याने. पहिल्या मार्चमध्ये मी ऐटीत वेळेवर हजर झाले, तर खेळ सुरू होऊन तास झाला होता. माझ्या रोगला (इंग्रजीतला rogue, चोरटं पात्र) तोवर दार उघडायला पुढे धाडलं होतं. दाराला सापळा होता. पुढचं सांगत नाही. आता आमच्याकडे डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर वेळेचा कोड टाकतात, म्हणजे ज्याला त्याला आपल्या घड्याळातली वेळ दिसते. अर्ज करताना 'संध्याकाळी चालेल' असं लिहू नका. कोणाची संध्याकाळ?

*

आणि डी अँड डीची पाचवी आवृत्ती म्हणजे २०१४ची पुस्तकं की २०२४ची सुधारित, हेही विचारा. मी जुन्या नियमांनी पात्र केलं, टेबल नव्यांवर. जुन्यात पात्राच्या गुणांची (ताकद, चपळाई वगैरे) वाढ वंशावरून मिळायची, नव्यात पार्श्वभूमीवरून मिळते. पहिला अर्धा तास सगळे माझं शीट दुरुस्त करत बसले होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

माझा पहिला गट मी तिसऱ्या सेशनला सोडला. पाच जणांत मी एकटीच बाई. एका खेळाडूचं पात्र माझ्या पात्राच्या सारखं मागे लागायचं. मी विषय बदलला, पात्राला खोलीतून बाहेर काढलं, शेवटी सरळ सांगितलं की मला हे नकोय. त्यावर 'खेळातच तर आहे' म्हणून हशा, आणि डीएमही हसण्यात सामील. त्या रात्री मी गटातून बाहेर पडले आणि चार महिने शोध घेतला नाही.

आताच्या गटाच्या जाहिरातीत सेशन झिरोचा, म्हणजे खेळाआधीच्या बोलण्याच्या बैठकीचा, उल्लेख होता. त्या दिवशी फासे टाकलेच नाहीत. कोणत्या गोष्टी अजिबात नकोत आणि कोणत्या पडद्याआड चालतील, एवढंच ठरवलं. एक्स-कार्डही आहे, चॅटमध्ये नुसता एक्स टाकला की प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं, कारण विचारायचं नाही. मी ते दीड वर्षात एकदा वापरलं, आठ पायांच्या कोळ्यांसाठी. पण जाहिरातीत ही ओळ नसेल तर मी अर्जच करत नाही. माझ्यापुरता तरी तो नियम आहे.

*

घरात तान्हं बाळ असल्याने माइक चालू ठेवणं अशक्य, म्हणून मी लिखित खेळ शोधला. दिवसाकाठी एक-दोन परिच्छेद लिहायचे, इतरांची वाट बघायची. फावल्या वेळात जमतं. वेगाबद्दल काय सांगू? चार गॉब्लिनांशी लढाई सुरू झाली तेव्हा बाळ रांगत होतं. संपली तेव्हा चालायला लागलं होतं.

*

डी अँड डीचा हट्ट सोडून बघा. मी कॉल ऑफ क्थुलू या भयखेळाच्या वन-शॉटमधून, म्हणजे एकाच बैठकीत संपणाऱ्या खेळातून, शिरलो. १९८१चा खेळ, पण नियम सुटसुटीत: कौशल्य ६० असेल तर शंभराच्या फाशांवर ६० किंवा कमी पाडायचे. पात्र शेवटी मरतं नाहीतर वेडं होतं, त्यामुळे कोणी दोन वर्षांची बांधिलकी मागत नाही. तीन वन-शॉट एकाच डीएमकडे खेळलो (त्या खेळात त्याला कीपर म्हणतात). चौथ्या वेळी त्यानेच विचारलं, लांबच्या कॅम्पेनला, म्हणजे अनेक सेशन चालणाऱ्या गोष्टीला, येतोस का?

*

मी पैसे देऊन खेळतो. डीएमला दर सेशनचे पैसे द्यायचे. सुरुवातीला लाज वाटली, पैसे देऊन मित्र मिळवल्यासारखं. पण पैसे भरलेला माणूस न सांगता दांडी मारत नाही, हे पाहिलं. मैत्री नंतर फुकटच झाली.

*

धागाकर्ता परत आलोय. वन-शॉटला अर्ज केला, चार ओळींचा. वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहिली, न विचारता आवडता प्राणीही लिहिला. दुसऱ्या दिवशी होकार! रविवारी खेळ आहे. माझ्या तिघांपैकी कोण चालेल म्हणून विचारलं, तर डीएम म्हणाले तिघंही नकोत, पात्रं मीच देतो. मला एक म्हातारा ग्रंथपाल मिळालाय, डोळे अधू, पळण्यात शून्य. कालपासून त्याचा आवाज कसा असेल याचा सराव चाललाय. दारं दुसऱ्या कोणाला तरी उघडायला लावीन.