तातडीने मदत हवी: रममध्ये भिजवलेले मनुके कुत्रीने खाल्ले

खारी_बिस्कीट

नाताळच्या केकसाठी मनुके, बेदाणे रममध्ये भिजत घातले होते. बरणी ओट्यावरून पडून फुटली आणि आम्ही हॉलमधून पोचेपर्यंत बुंदीने (बीगल, ४ वर्षं, ११ किलो) फडशा पाडला. अंदाजे दीड वाटी मनुके गेलेत, वर सांडलेली रमही चाटली. तोंड उघडून पाहिलं, काच लागलेली दिसत नाही.

याला तास होऊन गेला. एक उलटी झाली, त्यात थोडे मनुके होते. चालताना मागचे पाय फाकतायत, लाळ गळतेय. हाक मारली की मान वळवते, पण डोळे जड. आज रविवार, नेहमीचे डॉक्टर फोन उचलत नाहीत. झोपली की उतरेल का? सासूबाई म्हणतायत मिठाचं पाणी पाजून उलटी काढ. काय करू?

दगडूचा_बाबा

उत्तरांची वाट बघत थांबू नका. जो दवाखाना उघडा असेल तिथे न्या, रिक्षात बसून फोन करा. सांगताना चारच गोष्टी: वजन, काय खाल्लं, किती, किती वाजता. रमची बाटली सोबत घ्या.

मिठाचं पाणी अजिबात नको.

मळेवाला

एवढं घाबरू नका ताई. आमच्या मामांकडचा मोत्या ताडीच्या मडक्यात तोंड घालायचा, दिवसभर लोळायचा, संध्याकाळी पुन्हा राखणीला हजर. ताक पाजा आणि थंड पाण्याने अंघोळ घाला.

निशिगंधा_प

मळेवाले, मोत्या नशीबवान होता. तुमचे दोन्ही उपाय इथे घातक आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. (पशुवैद्यकीचं शिक्षण झालंय, आता प्रॅक्टिस करत नाही.)

दारूने कुत्र्याच्या अंगातली ऊब उतरते. त्यावर थंड पाणी ओतलं तर तापमान आणखी घसरणार. गुंगीतल्या जनावराला ताक, लिंबूपाणी, काहीही बळेच पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. उलटीचंही तसंच. शुद्ध पूर्ण नसताना उलटी काढली की ती फुप्फुसात उतरायची भीती. मिठाने तर रक्तातलं सोडियम चढून झटके येतात. आणि कोणी कॉफी सुचवायच्या आत सांगते, कॅफीन हे कुत्र्यांना वेगळं विष आहे.

खारी, वाटेत बुंदीला शालीत गुंडाळा, कुशीवर झोपवा, डोकं किंचित खाली. श्वासाकडे लक्ष ठेवा. हिरड्या पांढुरक्या किंवा निळसर दिसल्या तर डॉक्टरांना दारातच सांगा.

दारू पोटातून रक्तात फार पटकन जाते, बहुतेक वेळा अर्ध्या-एक तासात परिणाम दिसतो. तोल जाणं हे सुरुवातीचं. पुढे रक्तातली साखर उतरते, रक्त आम्लधर्मी होतं, श्वास मंदावतो, कधी झटके येतात. कुत्र्यांसाठी प्राणघातक मात्रा दर किलो वजनामागे साधारण ५.५ ते ७.९ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल अशी नोंदलेली आहे. आपल्याकडच्या रमवर ४२.८ टक्के छापलेलं असतं, म्हणजे ३० मिलीच्या पेगमध्ये जवळपास १० ग्रॅम. पाच किलोच्या पॉमेरेनियनला असे तीन पेगही लागत नाहीत, आणि त्रास त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

पण मला रमपेक्षा मनुक्यांची काळजी जास्त आहे. द्राक्षं आणि मनुके कुत्र्यांची किडनी निकामी करू शकतात. कोणाला किती बाधतील याचा नेम नाही. एखादा कुत्रा मूठभर खाऊन ठणठणीत राहतो, दुसरा तेवढ्यानेच अत्यवस्थ होतो. दर किलोमागे ३ ग्रॅमच्या आसपास मनुके खाऊनही किडनी बिघडल्याच्या नोंदी आहेत. बुंदीच्या वजनाला ते ३३ ग्रॅम होतात, दीड वाटी त्याच्या बरीच वर. डॉक्टरांना 'दारू प्यायली' एवढंच सांगू नका. मनुके हा शब्द आधी घ्या.

खारी_बिस्कीट

पोचलो. अंगाचं तापमान कमी निघालं, साखरही कमी. ग्लुकोजची सलाईन लावलीय, खाली गरम पाण्याच्या पिशव्या. मनुक्यांचं सांगितल्यावर डॉक्टर थांबले आणि लगेच रक्त घेतलं. उलटीचं इंजेक्शन दिलं नाही, गुंगी आहे म्हणून. रात्री लिहिते.

पेठेतला_पेन्शनर

अवांतर: आमच्या सोसायटीत ३१ डिसेंबरला गच्चीवर भटक्या कुत्र्यांना बिअर पाजून व्हिडिओ काढणारी पोरं आहेत. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० च्या कलम ११ नुसार जनावराला मुद्दाम अपायकारक पदार्थ देणं गुन्हा आहे. मी कलमाची प्रिंट लिफ्टमध्ये चिकटवली होती, दुसऱ्या दिवशी फाडलेली. पुन्हा चिकटवली.

खारी_बिस्कीट

बुंदी सकाळपासून एकदम नॉर्मल! शेपूट हलवतेय, सलाईनची नळी चावायला बघतेय. डॉक्टर मात्र म्हणतात ४८ तास सलाईन चालू ठेवू आणि रोज क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) बघू. आमच्या ह्यांचं म्हणणं, नशा उतरली, कुत्री खेळतेय, आता बिल वाढवायचे धंदे. घरी आणू का? खरं सांगा.

निशिगंधा_प

आणू नका. दारूचा अंमल बारा-चोवीस तासांत उतरतो, मनुक्यांचा त्रास त्यानंतर दिसतो. किडनीचे आकडे बहुधा २४ ते ७२ तासांत चढतात. तेव्हा पुन्हा उलट्या, जेवण बंद, आधी लघवी जास्त आणि मग कमी कमी होत बंद. लघवी थांबल्यावर हाताशी फारसं काही उरत नाही, डायलिसिसची सोय मोजक्याच ठिकाणी. सलाईनचा खरा उपयोग आत्ता आहे, कुत्री हसरी दिसतेय तेव्हा. तुमच्या ह्यांना विचारा, कालच्या क्रिएटिनिनचा आकडा किती होता? आजचा त्याच्याशी ताडून बघा, म्हणजे डॉक्टर काय करतायत ते त्यांनाही दिसेल.

आणि लघवी किती वेळा, किती, याची चिठ्ठी ठेवा. दवाखान्यातल्या मुलाला सांगून ठेवलंत तर तो लिहील.

दगडूचा_बाबा

+१. घरातल्या बाकीच्या वस्तूही बघा. सॅनिटायझरमध्ये ६०-७० टक्के अल्कोहोल असतं, रमपेक्षा जास्त. पाव-पिझ्झाचं यीस्ट घातलेलं कच्चं पीठ तर आणखी वाईट. पोटाच्या उबेत फुगतं आणि आतच दारू तयार होते. आमच्या दगडूने एकदा असा गोळा पळवला, तर आधी पोट ढोलासारखं आणि मग झिंगला. फ्रिजमध्ये झाकून ठेवलेलं बरं.

खारी_बिस्कीट

तिसऱ्या दिवसाचं क्रिएटिनिन नॉर्मल मर्यादेत आहे, पहिल्या दिवसापेक्षा किंचित वर. लघवी व्यवस्थित. आज संध्याकाळी घरी, परवा पुन्हा रक्त तपासायचं. हे स्वतः आकडे वहीत उतरवतायत आता.

एक विचारायचं राहिलं. डॉक्टर जाता जाता म्हणाले चिंचही लांब ठेवा. ते कशासाठी?

निशिगंधा_प

बरोबर सांगितलं त्यांनी. द्राक्षांत नेमकं काय बाधतं हे अनेक वर्षं कळत नव्हतं. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या प्राण्यांच्या विषबाधा केंद्रातल्या तज्ज्ञांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. बेकिंगमधलं क्रीम ऑफ टार्टर आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही किडनीचा तसाच बिघाड दिसला होता. चिंचेत हे आम्ल भरपूर. आमटी-भाताचा घास देत असाल तर तो बंद (त्यात कांदा-लसूणही असतो, तोही कुत्र्यांना चालत नाही), आणि कोळ काढून उरलेला चोथा टाकाल त्या डब्याला घट्ट झाकण बसवा. बीगल आहे, वास आला की उघडणारच.

परवाचा आकडा इथे नक्की टाका.