कोरुंबा म्हणजे नुसता बसथांबा?

रानवाट: काल इथे कुणीतरी ठोकून दिलंय, "कोरुंबात बघण्यासारखं काही नाही, बोलिव्हियाची हद्द ओलांडा आणि सुटा." डोकंच फिरलं. ब्राझीलमधल्या पांतानाल या अफाट पाणथळ प्रदेशाच्या तोंडाशी वसलेलं गाव आहे ते! 1865 मध्ये पाराग्वायने घेतलं, 1867 मध्ये ब्राझीलने परत जिंकलं. खाली पाराग्वाय नदी, काठाला व्यापाऱ्यांच्या जुन्या इमारती, पलीकडे नजर पोचेल तिथवर पाणथळ. एस्त्रादा पार्केच्या मातीच्या रस्त्याने निघा, लाकडी पुलावर थांबून खाली वाका. केमन मगरी जबडा वासून ऊन खात पडलेल्या असतात, पाठीवर बगळा.

खरंबोलतो: काल लिहिणारा मीच. जग्वार दिसला? नाही ना? त्यासाठी उत्तरेला पोर्तो जोफ्रे गाठावं लागतं. कोरुंबात दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही.

रानवाट: ताडोब्यात वाघ दिसला नाही की जिप्सीवाल्यावर खेकसणारे ते तुम्हीच!

सौ_भटके: भांडा निवांत, पण आधी यलो फीव्हरची लस घ्या. टोचल्यावर 10 दिवसांनी लसीचं कार्ड लागू होतं. आमच्या लसकेंद्रावर तारीख मिळता मिळेना. शेवटी विमानाचं तिकीट पुढे ढकललं, भुर्दंड आमच्याच माथी.

खरंबोलतो: आणि 10 वर्षांनी पुन्हा टोचा!

सौ_भटके: कुठल्या जमान्यात आहात? 2016 पासून ते कार्ड आयुष्यभर चालतं. कार्डाशिवाय मुंबईत उतरलात तर मात्र सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात बसवतात.

नदीवेडा: धागा कोरुंबाचा आहे की लसीचा? कधी जायचं ते कुणी बोलतच नाही. पाऊस मार्चच्या सुमारास ओसरतो, पण वरचं पाणी रमतगमत खाली येतं. कोरुंबाला नदी फुगते ती त्यानंतर, मे-जूनकडे. आणि तेही भरवशाचं राहिलं नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये शेजारच्या लादारियोला पाणी नदीच्या पातळीमापकाच्या शून्याखाली 69 सेंमी गेलं, 1900 पासूनच्या नोंदींतला नीचांक. पांतानालमधल्या 2020 च्या वणव्यांनंतरही लोक जग्वार-जग्वार करत बसलेत.

खरंबोलतो: बरं बाबा, तुमच्या नदीसाठी एक रात्र काढतो. खूश? एसी खोली मिळाली तरच.

रानवाट: उपकार झाले!

नवशिका: अंड्याची ॲलर्जी असेल तर ती लस चालते का?

सौ_भटके: आधी डॉक्टरांना विचारा, ती लस कोंबडीच्या अंड्यातच वाढवतात. ॲलर्जी किती तीव्र आहे?