मदत हवी आहे: त्याच कंपनीत दुसऱ्या विभागात जायचंय, सर ‘नंतर बघू’ म्हणतात

नमस्कार. थोडं सविस्तर लिहिते, अर्धवट सांगितलं तर सल्लाही अर्धवट मिळेल.

मी सहा वर्षं अकाउंट्स पेएबलमध्ये आहे. पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचं बिल या तिन्हींचे आकडे जुळवायचे, जुळले की पैसे सोडायचे, हे माझं काम. ते मला चांगलं येतं. पण गेल्या वर्षी एकाच बिलाचे पैसे दोनदा गेल्याचं माझ्या लक्षात आलं. दुसऱ्यांदा चढवताना बिल क्रमांकात एक आडवी रेघ जास्त पडली होती, त्यामुळे सिस्टिमने ते नवीन बिल समजून सोडलं. हे कसं घडलं ते शोधण्यात तीन दिवस गेले आणि त्या तीन दिवसांत मला जेवणाचीही आठवण राहिली नाही. तेव्हापासून मनात आहे की इंटर्नल ऑडिटमध्ये, म्हणजे कंपनीच्याच इतर विभागांचं काम तपासणाऱ्या विभागात, जायचं.

आता तिथे जागा निघाली आहे. सध्याच्या जागेवर दीड वर्ष पूर्ण हवं, ते झालंय. पण अर्ज भरला की मॅनेजरला आपोआप मेल जातो, आणि निवड झाली तरी त्यांनी सोडल्याशिवाय बदली होत नाही. शेवटच्या तारखेला नऊ दिवस उरलेत.

सरांच्या कानावर मी दोनदा घातलं. आधी म्हणाले, इयर एंड होऊ दे. ते झालं. मग म्हणाले, तुझ्या जागी माणूस मिळू दे. पण माणसाची मागणी अजून एचआरकडे गेलेलीच नाही. आणि जाता जाता म्हणाले, “म्हणजे उद्या तूच येऊन आमची बिलं उकरणार?” हे मला फार लागलं.

सर वाईट नाहीत. मला हे काम त्यांनीच शिकवलं. बाबा आजारी होते तेव्हा दोन महिने माझं मंथ एंड, म्हणजे महिनाअखेरीचे हिशेब बंद करण्याचं काम, त्यांनी स्वतः बसून केलं. म्हणून त्यांना वगळून एचआरकडे जायला पाय उचलत नाही. आणि गप्प बसले तर ही जागा जाईल. कोणी यातून गेलं असेल तर सांगा, हे बोलणं करायचं कसं? शिवाय एचआर म्हणतं ग्रेड तोच, म्हणून पगारही तोच. त्यावर काही बोलावं की आत्ता नको?

प्रतिसाद:
मी इंटर्नल ऑडिटमध्येच आहे. बिलं उकरण्याची सरांची शंका खरी असेल तर तिला साधं उत्तर आहे. इन्स्टिट्यूट ऑफ इंटर्नल ऑडिटर्सच्या मानकांनुसार, ज्या कामाची जबाबदारी मागच्या १२ महिन्यांत आपल्यावर होती, त्याचं ऑडिट आपण केलं तर ते निःपक्षपाती मानलं जात नाही. म्हणजे निदान वर्षभर पेएबलची फाइल तुमच्याकडे येऊ नये. हे त्यांना आधीच सांगा. आणि अर्जाची बातमी त्यांना त्या मेलमधून कळू देऊ नका, त्याआधी समोर बसून सांगा.

प्रतिसाद:
माझ्या हाताखाली नऊ माणसं आहेत, म्हणून सरांच्या बाजूने लिहितो. चांगलं माणूस जातंय म्हटलं की आम्हाला आधी पुढचं मंथ एंड दिसतं. त्यात द्वेष नसतो, पण टाळाटाळ नक्की होते. म्हणून ‘जाऊ का’ असं विचारू नका, ‘कोणत्या तारखेला सोडाल’ असं विचारा. जाताना एक यादी न्या: फक्त तुम्हालाच येणारी कामं कोणती, ती कोण शिकू शकेल, किती दिवस लागतील. बोलणं झालं की त्याच दिवशी ठरलेली तारीख मेलवर लिहून पाठवा. तोंडी ‘हो’ पुढच्या क्लोजिंगला विसरलं जातं, हे मी स्वतः केलेलं आहे आणि त्या मुलीची संधी गेली, याचं मला आजही वाईट वाटतं.

अजून दोन गोष्टी. या वर्षी जेवढं काम केलंत त्याचं मूल्यमापन विभाग सोडण्याआधी सरांकडून लिहून घ्या, नाहीतर नवीन मॅनेजर तुम्हाला न ओळखताच रेटिंग देतील. आणि बदलीनंतर जुन्या विभागाच्या शंकांना किती दिवस उत्तरं द्यायची तेही ठरवा, नाहीतर दोन्हीकडचं काम अंगावर पडतं.

प्रतिसाद:
पगाराबद्दल. अमेरिकेतल्या व्हार्टन या बिझनेस स्कूलचे प्राध्यापक मॅथ्यू बिडवेल यांनी एका गुंतवणूक बँकेच्या नोंदींवर केलेला अभ्यास २०११ मध्ये आला. बाहेरून घेतलेल्यांना, आतून बढती मिळून त्याच कामावर आलेल्यांपेक्षा सुमारे १८ टक्के जास्त पगार होता, आणि पहिली दोन वर्षं त्यांच्या कामाचं मूल्यमापन मात्र कमी आलं. तुमची बढती नाही, ग्रेड तोच आहे, त्यामुळे तो आकडा पुढे करू नका. पण आतल्या माणसाची किंमत कमी धरली जाते हे मनात ठेवून, सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार होईल एवढं ऑफरमध्ये लिहून मागा. निवड झाल्यावर मागा, मुलाखतीत नको.

मूळ प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल सरांशी बोलले. यादीत अठरा कामं निघाली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, यातली निम्मी तू करतेस हे मला माहीतच नव्हतं. १२ महिन्यांचा नियम सांगितल्यावर चेहरा सैल झाला. निवड झाली तर या तिमाहीच्या क्लोजिंगनंतरच्या सोमवारी सोडतो म्हणाले. मेल पाठवलाय, उत्तर अजून नाही. अर्ज मात्र आज भरतेय.

एकच अडतंय. मुलाखतीत ते दोनदा गेलेलं बिल सांगावं असं वाटतं, पण ते चढवणारी मुलगी माझ्या शेजारी बसते. तिला त्रास व्हायला नको.

प्रतिसाद (ऑडिटवाले):
तिचा उल्लेख करायची गरजच नाही. बिल क्रमांकातल्या रेघा आणि मोकळ्या जागा काढून तुलना करणारी तपासणी सिस्टिममध्ये नव्हती, हे सांगा. मग तीच तपासणी लावून मागच्या वर्षभरातली बिलं कशी चाळाल, ते सांगा. आम्ही मुलाखतीत हेच ऐकायला बसलेलो असतो.