सह्याद्रीत वनरक्षकाचा आठवडा: गस्तीखेरीज काय?

प्रश्न: कोयना-चांदोली भागात नव्याने रुजू होणाऱ्याने फेब्रुवारीत कशाची तयारी ठेवावी?

उत्तर १: आधी जाळरेषा, म्हणजे वणवा पुढे सरकू नये म्हणून गवत काढून मोकळा केलेला पट्टा. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्यापूर्वीच गवत कापून, वाळवून, वारा पडलेला असताना जाळायचं. पेटवणं उताराच्या वरच्या टोकाकडून. खालून पेटवलंत तर आग चढावर धावते, आवरत नाही. धुमसते ओंडके उकरून विझवल्याशिवाय जागा सोडू नका, दुपारच्या वाऱ्यावर तेच पुन्हा पेटतात.

उत्तर २: कॅमेरा ट्रॅपही येतील, म्हणजे समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. वाटेच्या दोन्ही बाजूंना, गुडघ्याएवढ्या उंचीवर. वाघ पट्ट्यांवरून ओळखतात, आणि त्याच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असतात ना! अगदी समोरासमोर नकोत, एकाचा फ्लॅश दुसऱ्याचा फोटो बिघडवतो. समोरचं गवत काढा, नाहीतर त्याच्या हलण्यानेच कार्ड भरतं.

उत्तर ३: पाणवठ्यावरचे ठसे सकाळीच बघा. तिरप्या उन्हात कडा स्पष्ट दिसतात.