बेस गेला तर पहिला हात कुठे घालायचा: सबला की अर्थला?

डिकीतला_डबा
गाणं चालू, दारांचे स्पीकर ठणठणीत, अँपचा (अँप्लिफायर, स्पीकरला पॉवर देणारा डबा) दिवा लागलेला, आणि डिकीतला सब (सबवूफर, बेसचा म्हणजे जड आवाजाचा स्पीकर) गप्प. अशा वेळी दुकानात 'अँप गेला' म्हणून सरसकट नवा गळ्यात मारतात. माझं मत: सुरुवात सबपासून करा. त्याच्या दोन्ही वायरी अँपमधून सोडवा, मल्टिमीटर २०० ओहमवर ठेवून मोजा. ४ ओहमच्या कॉईलला (सबच्या आतली तारेची गुंडाळी) साधारण ३.२ ते ३.८ दिसतं. आकडाच आला नाही तर कॉईल किंवा तिच्याकडे जाणारी वायर तुटली. मीटर नसेल तर दीड व्होल्टचा सेल त्या टोकांना क्षणभर टेकवा. प्लसला प्लस लागलं की कोन (सबचा हलणारा पडदा) किंचित बाहेर येतो, 'टप' वाजतं. मग बोटं पसरून कोन सरळ आत दाबा. घासल्याची खरखर आली तर कॉईल जळाली. दोन मिनिटांत निकाल.

सव्वाबारा_व्होल्ट
साफ असहमत. सब मेला एवढंच कळेल, कशाने मेला ते नाही. आधी वीज बघा. दिवा लागायला काही मिलिअँपिअर पुरतात. ५०० वॉट आरएमएसच्या (सतत देता येणारी पॉवर) क्लास डी (वीज कमी वाया घालवणाऱ्या) अँपला पूर्ण जोरात ४५ अँपिअरच्या आसपास लागतात. इंजिन चालू ठेवा, ५० हर्ट्झचा टोन लावा आणि थेट अँपच्या स्क्रूंवर मोजा. बॅटरीवर १३.८ ते १४.४ आणि अँपवर ११, म्हणजे मधे कुठेतरी व्होल्टेज खातंय. बॅटरीच्या मायनसपासून अँपच्या अर्थ (गाडीच्या पत्र्याला जाणारी मायनस वायर) स्क्रूपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं की दोषी सापडला.

बहुतेक वेळा रंगावरच बोल्ट आवळलेला असतो. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत करा, थिंबल (वायरच्या टोकाचं कडं) नीट दाबून क्रिंप करा, स्टार वॉशर घाला, वरून ग्रीस. स्टेपनीच्या खळग्यात अर्थ घेऊ नका, पावसाळ्यात तिथे पाणी साचतं. आणि सीटबेल्टचा बोल्ट तर अजिबात नको.

डिकीतला_डबा
अर्थचं सगळं मान्य, पण क्रम चुकतोय. कॉईल तुटलेली असेल तर अँपवर लोडच येत नाही. मग टोन कितीही वाजवा, मीटर १३.८ दाखवत बसेल आणि तुम्ही 'वीज उत्तम' म्हणून अँप उघडायला घ्याल. म्हणून सब आधी.

सव्वाबारा_व्होल्ट
हा मुद्दा बिनतोड आहे. तरी सब चांगला निघाला की दुसरा नंबर विजेचाच.

ओहमकार
दोघंही सिग्नल विसरलात. सर्व्हिसिंगला बॅटरी काढली की कित्येक स्टिरिओंची सेटिंग पुसली जाते. 'सबवूफर' ऑफ होतं, नाहीतर मागचं आउटपुट 'रिअर'वर जातं. मेनू बघायला पाना लागत नाही! ते ठीक असेल तर सिस्टीम बंद करून आरसीए (स्टिरिओतून अँपला सिग्नल नेणारी वायर) काढा, अँपचा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते बटण) तळाला न्या, मोबाईलमधून ३.५ एमएम ते आरसीए वायर थेट अँपला द्या. बेस आला तर अँप, सब, अर्थ बहुधा ठीक. दोष स्टिरिओत किंवा आरसीए वायरीत. इथे दिवा लागतोय म्हणजे रिमोट वायरही (स्टिरिओकडून अँप चालू करणारी) ठीक, तिच्यामागे वेळ घालवू नका. दिवा लाल असेल तर मात्र अँप प्रोटेक्टमध्ये (बिघाड दिसल्याने स्वतःहून बंद) आहे: सबच्या वायरी सोडवून चालू करा, लाल गेला तर शॉर्ट बाहेर आहे.

मोनोब्लॉक
बेस 'गेला' की 'अर्धा झाला' हे आधी ठरवा. ४+४ ओहमच्या दोन कॉईलचा सब पॅरललमध्ये १.७ ते १.९ दाखवतो. एक कॉईल तुटली की ३.५ च्या आसपास येतो, बेस पातळ होतो, पण सब वाजत राहतो. तो आकडा बघून 'चार ओहम, ओके' म्हणणारे खूप. सीरिजमध्ये एक गेली की सगळंच बंद. आणि दोन्ही कॉईल चांगल्या, पण एकीचे प्लस-मायनस उलटे लागले तर कोन हलतच नाही.

सव्वाबारा_व्होल्ट
+१. आणि कॉईल जळालेली निघाली तर नवा सब जोडण्याआधी गेन बघा, नाहीतर तोही जाणार. सब सोडवून, ५० हर्ट्झच्या टोनवर, बेस बूस्ट शून्य ठेवून अँपच्या आउटपुटला एसी व्होल्ट मोजा. ३०० वॉट, २ ओहमला २४.५ व्होल्टच्या वर जाऊ नका. कमी पॉवरचा अँप ताणला की सब जळतो.

ओहमकार
'कमी पॉवरने सब जळतो' हे अर्धवट आहे. ३०० वॉटचा अँप पूर्ण क्लिप झाला (ताणून आवाजाच्या लहरींची टोकं कापली गेली) तर जवळपास दुप्पट पॉवर देतो. ३०० वॉटच्या सबला ती जाळते, ८०० वॉटच्या सबला नाही.

मोनोब्लॉक
आणि अर्ध्या तासाने बेस जातो, गाडी थांबवली की पंधरा मिनिटांत परत येतो, अशी केस असेल तर वरचं सगळं नंतर. आधी अँप गरम होतोय का बघा. सीटखाली गालिच्यात दाबलेला किंवा डिकीच्या छताला उलटा टांगलेला असेल तर नुसती जागा बदलून बघा.